सहावी खुंटी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड उघडं टाकून बसलो होतो तेव्हा — हसू नका — एकदम वाटलं, आता बोलून टाकावं, याला नाहीतरी नीट कळणार नाही. तेव्हाही नाही बोललो.

आणि मन हलकं करायला सांगतोय असं समजू नका. हलकं व्हायचा मला काय अधिकार? मला राग आलाय, म्हणून सांगतोय. स्वतःचा राग. आठ वर्षं तो मी दुसऱ्यांवर काढला — उशिरा येणाऱ्या पोरांवर, शिपायांवर, सिग्नलला हॉर्न वाजवणाऱ्यांवर. आता तो ज्याचा आहे त्याच्यावर निघू दे.

मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात खेळ शिकवतो. दारावर ‘क्रीडा संचालक’ अशी पाटी आहे. आमचं मैदान मोठं, कडेने धावायचा ट्रॅक आणि मध्ये गवत. पूर्वी ते गवत हाताने ढकलायच्या मशीनने कापायचे, दोन-दोन दिवस जायचे. मग कॉलेजने बसून चालवायचं मशीन घेतलं. दिसायला लहानसा ट्रॅक्टर, पोटाखाली गरगर फिरणारी पाती. सगळे त्याला ट्रॅक्टरच म्हणायचे. आणि तो सोपवला कचरू मामांकडे.

कचरू गांगुर्डे. मैदानाचं सगळं तेच बघायचे, एकोणीस वर्षं, रोजंदारीवर. गोवर्धनहून सायकलने यायचे. गळ्यात बारा महिने मफलर, पायात मात्र ट्रॅक्टर आला त्या दिवसापासून बूट. का, तर ट्रॅक्टर शिकवायला पुण्याहून जो माणूस आला होता त्याने सांगितलं होतं, चपलेवर या मशीनला हात लावायचा नाही. त्या शिकवणीला मीही हजर होतो. हजेरीच्या वहीत माझी सही आहे. पण मी अर्धा वेळ फोनवर होतो. मामांनी मात्र ऐकलेलं सगळं घरी जाऊन मुलीकडून मराठीत लिहून घेतलं आणि तो कागद शेडच्या दाराला आतून चिकटवला.

त्या कागदाप्रमाणे ते वागायचे. अगदी त्याप्रमाणे. ट्रॅक्टर आधी शेडबाहेर ढकलत आणायचा. बंद जागेत इंजिन सुरू करायचं नाही, धूर कोंडतो. इंजिन थंड असतानाच पेट्रोल भरायचं, सांडलं तर पुसून वाळू द्यायचं. डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून ऑइल बघायचं. चाकांतली हवा. पात्यांच्या झाकणाखाली अडकलेलं सुकं गवत काठीने काढायचं. गवत जिथून बाहेर फेकलं जातं त्या तोंडावरची रबरी झडप जागेवर आहे ना, हे हलवून बघायचं. मग — आणि हेच सगळ्यात लांबायचं — सगळं मैदान पायी फिरायचं. दगड, बाटलीची झाकणं, तारेचे तुकडे, पोरांनी टाकलेलं काय काय, सगळं गोळा करायचं. मैदानावर कुणी असेल तर शिट्टी वाजवून बाहेर काढायचं. आणि सगळ्यात शेवटी सीटवर बसायचं, पाय ब्रेकवर, पाती बंद आहेत याची खात्री, मग चावी. इंजिन मिनिटभर नुसतं चालू द्यायचं. पाती त्यानंतर. मध्येच उतरावं लागलं तर आधी पाती बंद, इंजिन बंद, चावी काढून खिशात.

सांगा, यात हसण्यासारखं काय आहे?

मी हसलो. मला वाटायचं, हा माणूस वेळ काढतोय. एक दिवस पोरांसमोर मी स्टॉपवॉच लावलं. शेडचं दार उघडल्यापासून पाती फिरेपर्यंत चौतीस मिनिटं. मी व्हिडिओ काढला, खाली लिहिलं ‘मामांची महापूजा’, आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकला. प्राचार्यांनीसुद्धा हसणारे चेहरे पाठवले. दोन दिवसांत तो पोरांपर्यंत गेला. मामा ट्रॅक्टर काढू लागले की कुणीतरी हात जोडायचं, कुणीतरी विचारायचं, “मामा, आज प्रसाद काय?” मामाही हसायचे. मला बरं वाटायचं, बघा, मामांनाही गंमत कळते.

मग मामा लवकर यायला लागले. पोरं यायच्या आत, थंडीत, अंधुक उजेडात मैदान फिरून घ्यायचे. लपून. आपलं काम नीट करायला त्या माणसाला लपावं लागत होतं — माझ्यामुळे. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी एकदा लवकर आलो तर ते टॉर्च घेऊन वाकून चालले होते, मला बघून त्यांनी टॉर्च विझवली. मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तेही सांगितलं, अभिनय करून.

आता त्या सकाळकडे येतो. येतोय. टाळत नाहीये.

आमच्याकडे बाहेरची समिती पाहणीला येणार होती. तारीख गुरुवारची होती, गवत बुधवारी कापायचं ठरलं होतं. सोमवारी संध्याकाळी मी स्वतः मैदानावर लांब उडीच्या पट्ट्याची आखणी करत होतो. त्यासाठी सहा लोखंडी खुंट्या होत्या, वीतभर लांब, डोक्याला लाल रंग, दोरीसकट एका कापडी पिशवीत ठेवलेल्या. आखणी झाली, खुंट्या उपटून मी बाजूला टाकत गेलो, दोरी गुंडाळली. दिवस मावळला होता. पिशवीत भरताना खुंट्या पाच भरल्या.

पाच. मोजल्या मी. पायाने इकडे तिकडे गवत चाचपलं, सापडली नाही. म्हटलं, उद्या बघू.

आणि मंगळवारी सकाळी साडेसातला प्राचार्यांचा फोन — समिती आजच येतेय, दहाला. मी मामांना गाठलं. ते नळीने झाडांना पाणी घालत होते. म्हटलं, “मामा, ट्रॅक्टर काढा, आत्ताच्या आत्ता.” मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझ्या संघातल्या मुलींचा सराव सुरू होता. मामांनी ट्रॅक्टर बाहेर आणला, डिपस्टिक काढली. तेवढ्यात मुली पाणी प्यायला शेडजवळ आल्या. आणि मी — प्रेक्षक मिळाले ना मला — मोठ्याने म्हणालो, “आज पूजा नको हं मामा. नुसतं दर्शन घ्या आणि निघा.”

मुली हसल्या.

मामांनी डिपस्टिक पुसून परत घातली. झडप हलवून बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सर, एक चक्कर मारून येतो. काल फिरलेलो नाय मी.”

“वेळ नाही.”

“मग पोरींना तरी बाहेर काढू का?”

“त्या जातील त्यांच्या कोपऱ्यात. तुम्ही तुमचं बघा.”

ते बसले. पाय ब्रेकवर, पाती बंद, चावी. इंजिन मिनिटभर चालू ठेवलं त्यांनी, तेवढं मात्र त्यांनी माझं ऐकलं नाही. मग पाती सुरू केली.

तिसऱ्या फेरीला आवाज झाला. बादलीवर कुणी घण घालावा तसा. आणि लगेच एका मुलीची किंकाळी. रोहिणी. दिंडोरीकडच्या एका खेड्यातली मुलगी, माझी सगळ्यात चांगली धावपटू, पोलीस भरतीची तयारी करत होती. पात्याने फेकलेलं लोखंड तिच्या नडगीवर बसलं होतं. हाड बाहेर आलं होतं. मामांनी जागच्या जागी पाती बंद केली, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि धावले. गळ्यातला मफलर काढून तिचा पाय बांधला तो त्यांनी. मी तोपर्यंत तिथे पोचलोही नव्हतो. नंतर मशीन तपासायला आलेला माणूस म्हणाला, झडप शाबूत होती म्हणून तुकडा खाली गेला, नाहीतर वर गेला असता. म्हणजे काय, कळलं ना? मी ज्याला पूजा म्हणत होतो त्यातली जेवढी मी होऊ दिली, तेवढीने त्या मुलीचा जीव वाचला.

मुलीला दवाखान्यात नेलं. मीच नेलं, माझ्या गाडीतून. धावपळ केली, रक्त मिळवलं, तिच्या वडिलांना फोन केला. सगळे म्हणाले, सरांनी पोटच्या पोरीसारखं केलं. मला ते ऐकताना कान कापून टाकावेसे वाटायला हवे होते. नाही वाटलं. बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मामा माझ्या खोलीत आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. टेबलावर ठेवलं, उघडलं. खुंटी. वाकलेली, डोक्यावरचा लाल रंग अर्धा खरवडलेला.

“ही तुमची हाय सर,” ते म्हणाले. “मी कुणाला दावली नाय.”

एवढंच. धमकी नव्हती त्यात. मला त्यांनी वाट मोकळी करून दिली होती — तुमचं तुम्ही सांगा, मी तुमच्या आधी तोंड उघडणार नाही. दुसरा काय अर्थ होता त्याचा? मी म्हणालो, “ठीक आहे.” त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग गेले. मी खुंटी पिशवीत टाकली.

चौकशी समिती नेमली. उपप्राचार्य, ऑफिसचे अधीक्षक, आणि जाणकार म्हणून — मी. हो, मी. मी नको म्हणू शकलो असतो. मामांना समोर उभं केलं. बसायला खुर्ची होती, कुणी बसा म्हटलं नाही, मीही नाही. उपप्राचार्यांनी विचारलं, कापायच्या आधी मैदान फिरून बघायचा नियम आहे, तुम्ही फिरलात का?

“नाय साहेब.”

“का?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मला मात्र आजही तो वेळ संपलेला नाही. मी समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

“घाई झाली,” मामा म्हणाले.

“मुलींना बाहेर का नाही काढलं?”

“चुकलं.”

मग उपप्राचार्यांनी मला विचारलं, सर, तो लोखंडाचा तुकडा आला कुठून? आणि मी म्हणालो, शेजारी बांधकाम चालू आहे, सळईचा तुकडा उडून आला असेल. इतकं सहज म्हणालो. मला मागून कुणी शिकवलेलं नव्हतं, आधी ठरवलेलंही नव्हतं. अहवालात लिहिलं — चालकाने ठरवून दिलेली दक्षता घेतली नाही. खाली तीन सह्या. तिसरी माझी. दक्षता! ज्या माणसाच्या दक्षतेचा मी वर्षभर तमाशा केला, त्याच्या नावावर मी लिहून दिलं की हा दक्ष नाही.

महिनाअखेरीला मामांना कामावरून काढलं. रोजंदारीचा माणूस, नोटीस कसली नि काय कसलं. त्यांनी शेड झाडली, चाव्या ऑफिसात दिल्या आणि सायकलवर बसून गेले. मी खिडकीतून बघितलं. खाली उतरलो नाही.

रोहिणीच्या पायात सळई घातली. दोन ऑपरेशनं झाली. ती चालायला लागली, पण भरतीचा विषय संपला. भरतीत धावावं लागतं. आता ती नाशिक रोडला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते, उभी राहून राहून संध्याकाळी पाय सुजतो तिचा. लग्न झालं. लग्नाला मला आग्रहाने बोलावलं, सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या पाया पडली, तो पाय धड वाकत नाही तरी पडली. नवऱ्याला म्हणाली, “हे सर नसते तर मी वाचले नसते.” आणि मग म्हणाली, “त्या म्हाताऱ्याने माझं वाटोळं केलं. त्याचं भलं होणार नाही.”

मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, “जाऊ दे गं, विसर.”

विसर! कुणी कुणाला सांगायचं हे? तिने ज्याला शाप दिला त्याने तिचा पाय बांधला होता, आणि ज्याच्या पाया पडली त्याने तो मोडला होता. ताटात जेवण वाढलं होतं, मी जेवलो. जिलबी घेतली. दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हाही घेतली.

अजून मी खरं सांगितलेलं नाही.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात मी निष्काळजी ठरतो, थट्टेखोर ठरतो, भित्राही ठरतो. एवढं मी स्वतःशी केव्हाच कबूल केलं होतं. खुंटी राहिली, घाईत विसरलो, नंतर घाबरलो — अशी गोष्ट मी आठ वर्षं स्वतःला सांगत आलोय. माणूस आहे, विसरतो. बरोबर ना? तुम्हीही कदाचित तेच म्हणाल.

पण मी विसरलो नव्हतो.

मामा म्हणाले, “एक चक्कर मारून येतो.” त्या क्षणी मला ती खुंटी आठवली. लख्ख आठवली. पिशवीतल्या पाच, लाल डोक्यांच्या, डोळ्यांपुढे आल्या. तोंडात शब्दही आले होते — हो मामा, एक खुंटी राहिलीय, त्या पट्ट्याजवळ बघा. एवढं वाक्य. चार पावलांवर मुली उभ्या होत्या, आत्ताच माझ्या विनोदाला हसलेल्या. ते वाक्य बोललो असतो तर मामांची चक्कर खरी ठरली असती. वर्षभर ज्याला हसलो तो बरोबर आणि मी चूक, हे माझ्याच तोंडून सात-आठ पोरींसमोर निघालं असतं. फार तर त्या पुन्हा हसल्या असत्या, यावेळी मला. बस, एवढंच झालं असतं! एवढंसं हसू मला सोसलं नाही. मी “वेळ नाही” म्हणालो. दोन शब्द. मनात म्हटलं, एवढं मोठं मैदान, पातं नेमकं तिथेच थोडं जाणार आहे. आणि तिथे उभा राहून, हाताची घडी घालून, मी ट्रॅक्टर त्या पट्ट्याकडे जाताना बघत होतो. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. हाक मारायला वेळ होता. माझ्या गळ्यात शिट्टी होती.

याला विसरणं म्हणतात का?

मामांचा मला फार राग यायचा, हेही सांगतो, कारण आता काही ठेवायचं नाही. त्यांनी भांडायला हवं होतं. ती वाकडी खुंटी उपप्राचार्यांच्या टेबलावर आपटायला हवी होती. मग मला खोटं तरी बोलता आलं असतं, त्यांना खोटं पाडता आलं असतं, माझी बाजू अशी काही तयार झाली असती. त्यांनी मला तेवढंही दिलं नाही. आणि मी? माझं पाप झाकणाऱ्या माणसावरच मी चिडत राहिलो. केवढी ही नीच चीड!

दोन वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यात कामगारांच्या क्रीडास्पर्धा होत्या. बक्षीस वाटायला मला बोलावलं होतं. फाटकाशी गाडी थांबली, सुरक्षारक्षक वही घेऊन आला. निळा गणवेश, अंगाला सैल. कचरू मामा.

त्यांनी मला ओळखलं. सलाम केला. तो त्यांच्या कामाचा भाग होता, त्यात टोमणा नव्हता, मी शोधून बघितला. वही खिडकीतून आत दिली. नाव, गाडीचा नंबर, कामाचं कारण. मी ‘प्रमुख पाहुणे’ असं लिहिलं. ‘कारण’ या रकान्यात.

वही परत घेताना त्यांनी वाकून विचारलं, “सर, त्या पोरीचा पाय कसा हाय आता?”

स्वतःबद्दल एक शब्द नाही. मलाही काही विचारलं नाही. मागे ट्रक येऊन उभा राहिला होता. गाडीत माझ्याशेजारी त्या कारखान्याचा एक अधिकारी बसला होता. मी म्हणालो, “एकदम बरा आहे. धावते.”

मामांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. “बरं झालं,” म्हणाले, “लय बरं झालं.” आणि फाटक उघडायला गेले.

आत मी भाषण केलं. शिस्तीवर बोललो. टाळ्या पडल्या. दोन तास होतो मी तिथे, आणि सगळा वेळ डोक्यात एकच — निघताना पुन्हा ते फाटक आहे, पुन्हा ते खिडकीशी येतील, तेव्हा तरी बोलायचं. गाडीतल्या माणसासमोर बोलायचं. ठरवलं होतं मी. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. निघालो तेव्हा पाळी बदलली होती. फाटकावर दुसराच कुणीतरी पोरगेला रक्षक होता. चौकशी केली असती तर मामा तिथेच कपडे बदलताना भेटले असते, सायकलच्या रांगेत भेटले असते.

मी काच वर केली. मला सुटल्यासारखं वाटलं.